गुरुवारची हवा

आमच्या घरामागच्या चाळीत तिसऱ्या खोलीत राहणाऱ्या दादांना कंपनीने दारुडा ठरवलं, तेव्हा मंगळवार होता आणि दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ मला इतकी नेमकी माहीत आहे कारण ती चार्जशीटवर टाइप केलेली आहे. टाकीवर माणूस दिवसाला किती तास उभा असतो याची नोंद त्या कारखान्यात कुठेच नाही. माणसाला बदनाम करायची वेळ आली की मात्र मिनिटसुद्धा चुकत नाही.

दादा लातूरकडचे. मोशीत आमच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाच खोल्या काढल्या. त्यातल्या एकीत दादा आणि वहिनी सहा वर्षांपासून आहेत. दादा चाकणच्या एका कारखान्यात कामाला. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात, आणि ते भाग तेलाने माखलेले असतात. ते तेल काढायला एक पोलादी टाकी आहे. तळाशी हीटर, त्यावर ट्रायक्लो नावाचं रसायन. ते तापलं की वाफ होते, वाफेत जाळीच्या टोपल्या सोडायच्या, तेल गळून पडतं, भाग आरशासारखे चकचकीत बाहेर येतात. ट्रायक्लोला गोडसर वास असतो. पहिले चार दिवस तो वास येतो, डोकं जड होतं. पाचव्या दिवसापासून वास येईनासा होतो, आणि सुपरवायझर म्हणतो, बघा, सवय झाली.

त्या मंगळवारी पहिली पाळी साडेतीनला सुटली, पण दुसऱ्या पाळीचा माणूस आला नव्हता म्हणून दादांना ओव्हरटाइमला थांबवलं. टोपलीतून एक भाग टाकीत पडला. तो काढायचा नियम असा आहे की हीटर बंद करायचा, टाकी थंड होऊ द्यायची, मग काढायचा. तेवढा वेळ लाइन थांबते, म्हणून तो नियम फक्त भिंतीवर चिकटवलेला आहे. दादा श्वास रोखून लांब चिमटा घेऊन वाकले. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला, श्वास किती रोखणार? बाहेर आले ते झुलतच.

"लई हसू यायलं मला," दादांनी नंतर सांगितलं. "कामून ते कळंना. सायेब ओरडायलेत अन् मला त्यांच्या मिशाच दिसायल्यात नुस्त्या. म्हणलं, सायेब, मिशी वाकडी कापलीय."

मिशीचा अपमान झाला. सुपरवायझरने दादांच्या तोंडाशी नाक नेलं आणि 'मादक पदार्थाचा वास' असा शेरा लिहिला. फुंकून तपासायचं यंत्र कंपनीत नाही. रक्त तपासायला कोणी नेलं नाही. गेटपर्यंत दोन सिक्युरिटीवाल्यांनी धरून नेलं, आणि ज्या कामगारांनी ते पाहिलं त्यांच्यातल्या निम्म्यांना तशीच झिंग कधी ना कधी आलेली होती. हे मला त्यांनीच सांगितलं, पण आपलं नाव पुढे करायला कोणी तयार नव्हतं. "भावा, ड्युटीवर पिऊन आला रे," असं कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी बोललं, आणि सगळे हसले.

दोन दिवसांत ते लातूरला पोचलं. वहिनींच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, "मारतो का गं तुला?"

वहिनी त्या दिवशी माझ्याकडे आल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याच. "ताई, ते तुमचे कागद वाटता ना चौकात? एक आमचा बी काढा. नोकरी जाईल ती जाईल, पण बेवडा म्हणून नाव घिऊन आमी गावाकडं कसं जावं?"

म्हणजे मामला एवढाच होता. कंपनीच्या चौकशीत दादा दारुडे ठरले तर कामावरून काढणार, आणि काढल्याच्या कागदावर कारण लिहिलेलं राहणार. त्या कागदासह या पट्ट्यात दुसरी कंपनी दारात उभं करत नाही.

मी कागद काढला. पत्रक कसं लिहायचं ते मला आमच्या कामगार संघटनेत शिकवलेलं आहे. आम्ही सहा-सात जण, एक उधारीवरचा झेरॉक्सवाला आणि भरपूर उद्गारचिन्हं. मी तावातावाने लिहिलं, 'आयुष्यात दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या कामगारावर मद्यपानाचा आरोप!' चाकणच्या चौकात शिफ्ट सुटताना वाटलं. संध्याकाळी एक प्रत मोठ्या अभिमानाने दादांना नेऊन दिली.

दादांनी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अहो ताई, थेंब तर पितो की मी. होळीला पितो, कुणाच्या हळदीत पितो. इचारायचं तरी!"

विचारायचं मला सुचलंच नव्हतं. निष्पाप माणूस कसा असतो हे मी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि दादांना त्या मापात कोंबलं. कंपनीला काय, आयतंच मिळालं. चौकशीत माझं पत्रक पुरावा म्हणून वाचून दाखवलं, आणि पाठोपाठ एका कामगाराने साक्ष दिली की एका हळदीत दादा बिअर प्यायले होते आणि पाऊण ग्लासात त्यांचा चेहरा लालभडक झाला होता, गळ्यापर्यंत चट्टे उठले होते. म्हणजे बघा साहेब, किती चढते याला.

ते चट्टे कशाने उठतात हे मला नंतर एका कामगार-आरोग्याच्या डॉक्टर बाईंनी समजावलं. दिवसभर ट्रायक्लो अंगात गेलेल्या माणसाने थोडीशी जरी दारू घेतली तरी चेहरा तसा लाल होतो. टाकीवरच्या कामगारांची ती जुनी, ओळखीची खूण आहे. कंपनीने साक्ष आणली ती दादांच्या बाजूची होती. ते कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याला कळलं नाही, आणि लाज वाटते सांगायला, तोपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

चौकशीत काय झालं ते मी घरी सांगत होते, तेव्हा आप्पा ओसरीवरून ऐकत होते. "झालं समाधान? तुझ्या कागदानं त्याचं भलं केलं व्हय? भाडेकरूच्या भानगडीत पडू नको म्हनलं व्हतं. त्यो राहिला बाजूला, आन् तुझंच नाव चौकात लागलंय."

मी उरलेली पत्रकं उचलून आत ठेवली.

चौकशीच्या पुढच्या तारखेला कंपनीने मोठं अस्त्र काढलं. एका सल्लागार संस्थेचा अहवाल, गुळगुळीत कागदावर, रंगीत आलेखासहित. टाकीजवळच्या हवेत ट्रायक्लोची वाफ किती, ते मोजलेलं. आकडा कायद्यातल्या मर्यादेच्या पार खाली. खाली एक वाक्य, 'मोजणी नेहमीच्या कामकाजाच्या स्थितीत करण्यात आली.' कंपनीचं म्हणणं सरळ होतं. हवा स्वच्छ आहे, मग माणूस झुलला कशाने? बाटलीने.

नेमक्या त्याच महिन्यात ती मर्यादाच बदलायची चर्चा सुरू होती. हवेत किती वाफ चालेल याचा एक आकडा कायद्यात असतो. आठ तासांची सरासरी काढतात. आठ तास काम करून माणूस घरी जातो आणि मोकळी हवा घेतो, असं धरलेलं असतं. आमच्याकडे बारा तास काम करून माणूस खोलीवर जातो, पण ते सरासरीत बसत नाही. तो आकडा खाली आणावा का, हे ठरवायला एक समिती नेमली होती आणि ती आमच्या भागात सुनावणी घेणार होती. आकडा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आकडा दिला की वाचणारा आकड्याशी घासाघीस करायला लागतो, भाजीवाल्याशी करावी तशी, आणि टाकीवरचा माणूस तिथेच उभा राहतो.

उद्योजकांच्या असोसिएशनने समितीला निवेदन दिलं होतं. त्याच्या जोडीला पट्ट्यातल्या कारखान्यांचे मोजणी-अहवाल लावले होते, आणि त्यात दादांच्या कारखान्याचा तोच अहवाल होता. एकच कागद दोन कामं करत होता. चौकशीत दादांना बेवडा ठरवत होता, आणि समितीपुढे मर्यादा कमी करायची गरज नाही असं सांगत होता.

त्या अहवालाची प्रत घेऊन मी चार दिवस बसले. मला खात्री होती की यात मोठी लबाडी आहे. यंत्र खोटं असणार, प्रयोगशाळा बोगस असणार, आकडा खोडलेला असणार. मी सूत्रं तपासली, शिक्के तपासले, सल्लागाराचा परवाना तपासला. सगळं जागच्या जागी. पाचव्या दिवशी हरून मी ते कागद घेऊन दादांच्या खोलीत गेले, की निदान टाकी कुठे आणि यंत्र कुठे ठेवलं होतं ते तरी नकाशावर दाखवा.

दादा नकाशा बघत होते. वहिनी गॅसपाशी होत्या. त्यांनी पीठ लागलेल्या हाताने पहिलं पान आपल्याकडे फिरवलं.

"ही कशाची तारीख हाय, ओ ताई?"

"मोजणीची. त्या दिवशी हवा मोजली."

"ह्या तारखेला?" त्यांनी हात पुसले. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, त्याच खिळ्याला, मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं. वहिनी सिलिंडर कधी लावला, पाणी कधी आलं नाही, माहेरचा फोन कधी आला, सगळं त्या चौकटींत लिहितात, म्हणून जुनं टाकत नाहीत. त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. चौकटीत निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'उद्यापन. पाच जणी. केळी ह्यांना सांगणे.'

"मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. माझं उद्यापन होतं. हे घरीच होते दिवसभर. केळी कच्ची आणली म्हणून मी बोलले बी ह्यांना. तुमची आई आली होती की हळदीकुंकवाला. आठवंना का?"

कोणी चिमटा काढावा तशी दादांनी मान वर केली. "गुरुवारी टाकी बंदच असती की. दुसरी पाळी असली की हीटर मीच बंद करतो बुधवारी रात्री, वरून झाकण टाकतो. शुक्रवारी सकाळी तापवायला दीड तास लागतोय."

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेच्या वाटणीतून पडलेली जुनी पद्धत आहे. गुरुवार म्हणजे आमचा रविवार. आमची लग्नाची बोलणी गुरुवारी होतात, केस कापायला रांग गुरुवारी लागते, मोशीच्या रस्त्यावर दुचाकीवर अख्खं कुटुंब दिसलं तर समजावं आज गुरुवार आहे. मी इथे जन्मले. माझं लहानपण गुरुवारांनी मोजलेलं आहे. आणि मी चार दिवस ती तारीख डोळ्यांसमोर धरून तिचा वार काढला नव्हता. मी कट शोधत होते, आणि वहिनींना केळी आठवली.

पुढचं कळायला वेळ लागला नाही. लाइन चालू असताना बाहेरच्या माणसाला प्रॉडक्शन मॅनेजर आत येऊ देत नाही. रंगकाम, क्रेनची तपासणी, उंदीर मारणारे, सगळ्यांना गुरुवारी बोलावतात. हवा मोजणाऱ्यालाही त्याच रांगेत बसवलं होतं. तो आला, झाकलेल्या थंड टाकीशेजारी स्टूलवर यंत्र ठेवलं, शटर उघडं, पंखे सुरू, माणूस एकही नाही. आठ तास त्याने आमच्या चाकणच्या डोंगरावरून येणारा वारा मोजला आणि 'नेहमीच्या कामकाजाची स्थिती' असं छापील वाक्य खाली ठेवून निघून गेला. त्या वाक्याखाली कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने सही ठोकली. यात कोणी लाच दिली नाही, कोणी धमकावलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो तो याचाच. एवढा निगरगट्टपणा करायला त्यांना साधी लबाडीसुद्धा करावी लागली नाही. सोय बघितली, बस्स.

असोसिएशनने जोडलेले बाकीचे अहवाल आम्ही तिघांनी त्याच संध्याकाळी कॅलेंडरशी लावून बघितले. वहिनी तारीख वाचायच्या, दादा चौकट शोधायचे.

"गुरुवार."

"हा बी गुरुवार."

"हा... थांबा. हा मंगळवार हाय!"

"कुठला मंगळवार, दिवाळीतला पाडवा हाय तो," वहिनी म्हणाल्या. "सगळं बंद." आणि टाकीवरच्या त्या मंगळवारानंतर दादा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

सुनावणी एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये होती. टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या, काजू, आणि मागच्या खुर्च्यांवर पट्ट्यातल्या कंपन्यांचे सेफ्टी ऑफिसर, एकाच दुकानातून घेतल्यासारख्या निळ्या शर्टांत. असोसिएशनचे साहेब मऊ आवाजात बोलले. आमच्या पट्ट्यातली हवा आताच मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, अहवाल सोबत जोडले आहेत, तेव्हा मर्यादा आणखी खाली आणून उद्योगांवर बोजा कशाला? शिवाय कामगारांमध्ये व्यसनाचं प्रमाण खूप आहे, त्यांची लक्षणं रसायनावर ढकलली जातात. दादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. वहिनींच्या मांडीवर ते कॅलेंडर होतं, गुंडाळी करून रबर लावलेलं.

माझी पाळी आली तेव्हा मी भाषण केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. मी अहवालांच्या तारखा वाचल्या, आणि प्रत्येक तारखेपुढे वार वाचला. गुरुवार. गुरुवार. पाडवा. गुरुवार.

समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे, भला माणूस, वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघितलं. "गुरुवारचा काय संबंध?"

आणि मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला.

त्यांना तो आवरताच आला नाही. निळ्या शर्टांतल्या त्या सगळ्या साहेबांना ठाऊक होतं की गुरुवारी इथे कुत्रंसुद्धा कामावर नसतं. एकाने तोंडावर फाइल धरली, एकजण खोकल्याचं सोंग करायला लागला. ज्यांनी स्वतःच्या हाताने 'कामकाजाची स्थिती' या वाक्याखाली सही केली होती, तेच खोखो हसत होते. अध्यक्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्या हशातच मिळालं. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं त्या निर्लज्ज हशाने सांगितलं.

वहिनी उठल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कॅलेंडर उलगडून त्यांनी अध्यक्षांच्या टेबलावर, काजूंच्या बशीवरच पसरलं. "सायेब, ह्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. हे माझ्या घरी होते, केळी आणायला गेले होते. ह्यांच्या टाकीची हवा कुणाच्या नाकानं मोजली मग?"

असोसिएशनचे साहेब म्हणाले, ते वेळापत्रकाच्या सोयीसाठी झालं असावं. अध्यक्ष म्हणाले, मुद्दा नोंदवून घेतला आहे. मग जेवणाची सुट्टी झाली.

हे वाचताना तुम्हाला शेवट गोड हवा असेल तर तो नाही. समितीचा निर्णय अजून आलेला नाही. नोंदवून घेतलेले मुद्दे कुठे जातात ते मला माहीत नाही. कंपनीने तीन आठवड्यांनी दादांवरचा आरोप मागे घेतला. 'पुराव्याअभावी' असं लिहिलं, माफी वगैरे काही नाही, आणि त्यांना पॅकिंगला टाकलं. तो कागद दादांनी लॅमिनेट करून घेतला आणि त्याचा फोटो वहिनींनी वडिलांना पाठवला. वडिलांचं उत्तर आलं, जावईबापूंना सांग, मिशीबद्दल बोलू नये. टाकीवरच्या वर्षांत दादांचा डावा हात थरथरायला लागला, तो अजून तसाच आहे. चहाचा कप ते उजव्या हाताने धरतात, डाव्याने बशी धरायची सोडून दिली आहे.

टाकीवर आता दुसरा माणूस आहे. हिंगोलीकडचा आहे म्हणतात. टाकी तीच, भिंतीवरचा नियम तोच, आणि हवेचा अहवालही अजून तोच, कारण तो वर्षभर चालतो.

तुमच्यातला कोणी अशा कारखान्यात क्वालिटीला आहे, कोणी एचआरला, कोणी सेफ्टीला. कोणी नुसताच त्या गेटमधून रोज आत जातो. तुमच्या कारखान्यातही हवेचा अहवाल आहे, कपाटात, गुळगुळीत फाइलमध्ये. उद्या तो मागा. आकडा बघू नका. तारीख बघा, वार काढा, आणि त्या दिवशी टाकी तापलेली होती का, तिथे माणूस उभा होता का, हे तिथल्याच कामगाराला विचारा. सुट्टीच्या दिवसाची हवा मोजलेली निघाली तर त्याच कागदावर तसं लिहा, खाली सही करा आणि समितीकडे पाठवा. मोजणी करायची तर ओव्हरटाइमच्या दिवशी, झाकण उघडं असताना, वाकलेल्या माणसाच्या कॉलरला यंत्र लावून करा, असं मागा. आणि त्या हॉलमध्ये जे हसले त्यांच्यापैकी तुम्ही असाल, तर आधी ती सही मागे घ्या.